रेमंड क्यूलमान्स: थ्री-कुशन बिलियर्ड्सची चार दशकं आणि त्यामागचं तंत्र

हाफबॉल

बिलियर्ड्स म्हटलं की आपल्याकडे विल्सन जोन्स, मायकल फरेरा, गीत सेठी ही नावं निघतात. तो खेळ सहा पॉकेटांच्या बारा फुटी टेबलावरचा. या धाग्यात पॉकेट नसलेल्या टेबलाबद्दल आणि तिथल्या सर्वांत मोठ्या खेळाडूबद्दल बोलू. (या खेळांनाही कॅरम म्हणतात, पण बोर्ड आणि सोंगट्यांच्या कॅरमशी याचा संबंध नाही.)

रेमंड क्यूलमान्सचा जन्म १२ जुलै १९३७ चा, बेल्जियममधल्या लिअर गावचा. ३५ जागतिक, ४८ युरोपीय आणि ६१ राष्ट्रीय विजेतेपदं त्याच्या नावावर आहेत. शंभर विजेतेपदं झाली तेव्हापासून 'मिस्टर १००' हे टोपणनाव चिकटलं, आणि पुढे आकडा कितीही वाढला तरी नाव तेच राहिलं. २००३ मध्ये बेल्जियमच्या राजाने त्याला नाइट किताब दिला.

थ्री-कुशनचा नियम छोटा आहे. टेबलावर तीन बॉल: पांढरा, पिवळा, लाल. पांढरा किंवा पिवळा यांतला एक तुमचा. तुमच्या बॉलने उरलेल्या दोन्ही बॉलना स्पर्श करायचा, पण दुसऱ्या बॉलला लागण्याआधी किमान तीन वेळा कुशनला (टेबलाच्या रबरी कडेला) लागलेलं असलं पाहिजे. जमलं तर एक गुण आणि पुढचा स्ट्रोक तुमचाच, चुकलं तर पाळी समोरच्याची. कुशन तीन वेगवेगळेच हवेत असं नाही, एकाच कुशनला दोनदा लागलं तरी चालतं. पहिल्या बॉलच्या आधी, नंतर, किंवा थोडे आधी थोडे नंतर, कसेही तीन पुरे करा.

जागतिक थ्री-कुशन स्पर्धा १९४८ आणि १९६० मध्ये बेल्जियमच्याच रेने विंगरहूटने जिंकली होती. मधल्या काळात अर्जेंटिनाचा जोर होता, १९६१ मध्ये पेरूचा अदोल्फो सुआरेझ जिंकला. १९६३ मध्ये पंचविशी ओलांडलेला क्यूलमान्स आला आणि १९७३ पर्यंत हा किताब दुसऱ्या कुणाच्या हाती गेला नाही. १९७४ मध्ये जपानच्या नोबुआकी कोबायाशीने तो घेतला. १९७५ ते १९८० पुन्हा क्यूलमान्स. त्यानंतर १९८३, १९८५, १९९०. आणि शेवटचा २००१ मध्ये, वयाच्या ६४ व्या वर्षी.

माझं म्हणणं असं की या कारकिर्दीचं मूळ थ्री-कुशनमध्ये नाही. ३५ जागतिक किताबांतले दहाहून जास्त इतर कॅरम प्रकारांतले आहेत: वन-कुशन, बॉल्कलाइन, पेंटॅथलॉन. बॉल जवळ ठेवण्याची, हव्या त्या वेगाने हव्या त्या जागी थांबवण्याची सवय तिथली. थ्री-कुशनमध्ये बाकीचे 'हा स्ट्रोक कसा जमेल' एवढंच बघत होते, तेव्हा हा पुढचे तीन बॉल कुठे थांबतील ते बघत होता. जाणकारांनी भर घालावी, चूक असेल तिथे दुरुस्त करावं.

---

निळा_चॉक

धागा आवडला. टेबलाची माहिती देतो, कारण तिच्याशिवाय हे आकडे हवेत राहतात.

मॅच टेबलाचं खेळायचं क्षेत्र २.८४ मी. × १.४२ मी. म्हणजे बरोबर दोन चौरस. कुशनची उंची साधारण ३७ मि.मी. बॉलचा व्यास ६१ ते ६१.५ मि.मी., वजन २०५ ते २२० ग्रॅम. आपल्या स्नूकरचा बॉल ५२.५ मि.मी. आणि १४० ग्रॅमच्या आसपास, म्हणजे कॅरमचा बॉल जवळपास दीडपट जड. जड बॉल वेग धरून ठेवतो, कुशनमधून आल्यावरही लवकर मरत नाही.

स्लेटच्या खाली विजेचे हीटर असतात आणि स्लेट खोलीच्या तापमानापेक्षा काही अंशांनी गरम ठेवतात. कारण दमटपणा. कापडाने ओल धरली की बॉल कापडाला आणि कुशनला जास्त चिकटतो, वेग लवकर संपतो, आणि तिसऱ्या कुशनवर तो अपेक्षेपेक्षा अलीकडे येतो. याला टेबल 'शॉर्ट' चालतंय म्हणतात. कोरड्या गरम टेबलावर, विशेषतः नव्या कापडावर, बॉल घसरत जातो आणि पलीकडे पोचतो. ते 'लाँग'. गरम टेबलावर सात-आठ मीटरचा, पाच कुशनचा प्रवास मध्यम ताकदीत होतो. थंड टेबलावर त्यासाठी जोर लावावा लागतो, आणि जोर लावला की कुशन जास्त दबून कोनच बदलतो.

कापड गुळगुळीत वर्स्टेड लोकरीचं, नॅप नसलेलं. इंग्लिश टेबलाच्या कापडाला नॅप असते, लव एका दिशेला झुकलेली. तिथे हळू जाणारा साइडचा (आडव्या फिरकीचा) बॉल नॅपमुळे वळतो. इथे तो प्रश्नच नाही, त्यामुळे भूमितीवर भरवसा ठेवता येतो.

आणखी एक. या कापडाची जगात नावाजलेली गिरणी, इवान सिमोनिस, बेल्जियमच्या वर्विएची, १६८० पासूनची. फिनॉलिक रेझिनचे अरामिथ बॉल करणारा सालुकचा कारखानाही बेल्जियममध्येच, कालनेलला. कॅफेत टेबल, क्लबांची लीग, जवळच कापड आणि बॉलचे कारखाने. अशा मुलखात हा खेळाडू घडला. पुढे त्याने मेकलेन शहरात स्वतःचा बिलियर्ड हॉल चालवला.

---

मृण्मयी_ग

छान माहिती. ॲव्हरेज कसं वाचायचं ते सांगाल का? सामन्यांच्या बातम्यांत १.२५०, २.०० असे आकडे दिसतात. क्रिकेटच्या सरासरीशी काही संबंध लागत नाही.

---

हाफबॉल

ताई, गुण भागिले पाळ्या. ५० गुणांचा सामना ४० पाळ्यांत संपवला तर ५० ÷ ४० = १.२५०. तोच २५ पाळ्यांत संपवला तर २.०००. तीन दशांश लिहायची पद्धत आहे.

आता अर्थ. ॲव्हरेज १ म्हणजे प्रत्येक पाळीला सरासरी एक गुण. प्रत्येक स्ट्रोक यशस्वी व्हायची शक्यता सारखीच धरली, तर ॲव्हरेज १ साठी दर दोन प्रयत्नांत एक जमायला हवा. १.५ साठी पाचांत तीन, २ साठी तिनांत दोन. हा फरक कागदावर लहान वाटतो. पण ५०% वरून ६७% वर जायला सोपे बॉल कमी चुकवून भागत नाही, सोपे बॉल जास्त वेळा *मिळवावे* लागतात. पोझिशनचं, म्हणजे पुढच्या स्ट्रोकसाठी बॉल कुठे थांबतात याचं, महत्त्व इथून सुरू होतं. चांगल्या क्लब खेळाडूचं ॲव्हरेज ०.५ ते ०.८ च्या दरम्यान असतं, १ च्या वर गेलेला खेळाडू गंभीरपणे घेतला जातो. आज वर्ल्ड कपच्या शेवटच्या फेऱ्यांत २ च्या आसपासचे सामने नेहमीचे झालेत.

क्रिकेटपेक्षा धावगतीशी तुलना जवळची: किती संधी वापरून किती मिळवलं.

---

गणिती

डायमंडचं गणित राहिलं, ते लिहितो. क्यूलमान्सच्या पिढीने ते शिस्तीने वापरलं, म्हणून इथे हवंच.

कुशनच्या मागच्या लाकडी पट्टीवर खुणा असतात, तेच डायमंड. लांब बाजू आठ भागांत, आखूड बाजू चार भागांत. सर्वांत प्रसिद्ध पद्धत 'कॉर्नर फाइव्ह'. मार्ग असा: लांब कुशन, आखूड कुशन, पुन्हा लांब कुशन. तीन आकडे लागतात.

१. क्यू बॉल (तुमचा बॉल) कुठून निघतो. जवळच्या कोपऱ्याला ५०. तिथून लांब बाजूने पुढे जाल तसं प्रत्येक डायमंडला ५ कमी: ४५, ४०, ३५, ३०...
२. पहिलं कुशन, म्हणजे समोरची लांब बाजू. पलीकडच्या कोपऱ्याला ०, तिथून अलीकडे येताना प्रत्येक डायमंडला १०.
३. तिसरं कुशन, म्हणजे तुमच्याच बाजूचं लांब कुशन. तिथेही पलीकडच्या कोपऱ्यापासून दर डायमंडला १०.

सूत्र: निघण्याचा आकडा वजा तिसऱ्या कुशनचा आकडा = पहिल्या कुशनवर नेम. बॉल कोपऱ्यातून, म्हणजे ५० वरून निघतोय आणि तिसऱ्या कुशनवर २० ला पोचवायचाय, तर ५० − २० = ३०. नेम ३० वर.

इथे लोक तीन चुका करतात. पहिली: नेम कुशनच्या नाकावर धरतात. तो मागच्या पट्टीवरच्या खुणेतून *आरपार* धरायचा असतो, त्यामुळे बॉल प्रत्यक्ष रबराला खुणेच्या थोडा अलीकडे लागतो. दुसरी: साइड दर वेळी वेगळी. पद्धत चालते ती रनिंग साइडवर, म्हणजे बॉल ज्या दिशेला वळणार त्याच दिशेची फिरकी, आणि तीही दर वेळी सारखी. तिसरी: निघण्याचा आकडा बॉल जिथे आहे तिथला घेतात. तो घ्यायचा क्यूची (काठीची) रेघ मागे कुशनपर्यंत वाढवून. नेम बदलला की रेघ बदलते आणि आकडाही बदलतो, म्हणून दोन-तीनदा मागे-पुढे करून जुळवावं लागतं.

आता टेबलाची दुरुस्ती. सामन्याआधी प्रत्येकाला पाच मिनिटं सराव मिळतो. जाणकार त्यात ५०–३० ची रेघ दोन-तीनदा मारतात. बॉल २० ऐवजी २३ ला आला तर टेबल ३ ने लाँग. मग नेम ३० ऐवजी ३३. शॉर्ट असेल तर उलट. आणि सामना पुढे सरकतो तसं हे पुन्हा तपासावं लागतं, बॉलवर चॉक आणि हाताचा घाम बसला की आकडे सरकतात. म्हणून बॉल पुसणं महत्त्वाचं.

---

दादरकर_१२फुटी

सगळं मान्य, पण एक शंका स्पष्ट मांडतो. १९६३ ते १९७३ प्रतिस्पर्धी होते किती? मोजक्या देशांत खेळला जाणारा खेळ, वर्षातून एक जागतिक स्पर्धा. अकरा वर्षांच्या सत्तेत मैदान रिकामं असण्याचा वाटा किती?

---

निळा_चॉक

प्रश्न रास्त आहे. पण मैदान रिकामं नव्हतं. ऑस्ट्रियाचा योहान शेर्झ होता, जपानी होते, लॅटिन अमेरिकेचे होते, आणि बेल्जियममध्येच लुडो डिलिससारखा माणूस घडत होता, जो १९८१ मध्ये स्वतः जगज्जेता झाला. ६१ राष्ट्रीय किताबांचा आकडा म्हणून मला जागतिक किताबांइतकाच मोठा वाटतो. बेल्जियममध्ये राष्ट्रीय विजेता होणं म्हणजे जगातल्या पहिल्या दहांतल्या काहींना घरीच हरवणं.

शिवाय स्पर्धेची रचना बघा. तेव्हा या स्पर्धा बहुतेक सगळ्यांविरुद्ध सगळे अशा गट पद्धतीने होत. एका वाईट दिवसाने बाहेर फेकलं जाणं कमी, सातत्याला पूर्ण किंमत. क्यूलमान्सला ते मानवलं हे खरं. पण त्याच पद्धतीत एका दिवसाच्या नशिबावर किताब मिळत नाही, हेही खरं.

---

दादरकर_१२फुटी

गट पद्धतीचा मुद्दा पटला. तरी १९८० च्या दशकाकडे वेगळं बघायला हवं. १९८१ डिलिस, १९८२ नेदरलंड्सचा रिनी व्हान ब्राख्ट, १९८४ पुन्हा कोबायाशी, १९८६ स्पेनचा आवेलिनो रिको, १९८७ स्वीडनचा टॉर्ब्योर्न ब्लोमडाल. एकदम एवढे वेगवेगळे विजेते. काय बदललं?

---

हाफबॉल

माझ्या मते दोन गोष्टी.

एक, क्यूलमान्स जे करत होता ते बाकीच्यांना कळलं. आकडे, पोझिशन, बचाव, सगळं बघून शिकता येतं. वीस वर्षं एकच माणूस एका पद्धतीने जिंकला की पुढची पिढी त्याच पद्धतीवर वाढते. ब्लोमडालचा जन्म १९६२ चा, म्हणजे क्यूलमान्सच्या पहिल्या किताबाच्या आदल्या वर्षीचा.

दोन, सामन्याचं स्वरूप. १९८६ पासून व्यावसायिक वर्ल्ड कप मालिका आली आणि तिथे सेट आले: १५ गुणांचा सेट, पाचांत तीन. ५० किंवा ६० गुणांच्या सलग सामन्यात उत्तम खेळाडू मागे पडला तरी भरून काढतो. १५ च्या सेटमध्ये समोरच्याने सात-आठचा एक ब्रेक (एकाच पाळीतले सलग गुण) केला की अर्धा सेट गेला. टीव्हीसाठी हे चांगलं, पण यात ताकदीतला फरक झाकला जातो. या बदलात पन्नाशी गाठलेला माणूस टिकला आणि १९९० मध्ये पुन्हा जगज्जेता झाला. मला १९६० च्या दशकातल्या सलग विजयांपेक्षा हे कठीण वाटतं.

---

अनुप_को

क्यूबद्दल कुणी लिहिलं नाही. स्नूकर खेळणाऱ्यांना कॅरमचा क्यू हातात घेतला की परका वाटतो.

लांबी १४० सें.मी.च्या आसपास, टिप ११ ते १२ मि.मी. (स्नूकरची साधारण ९.५). शाफ्ट टोकापासून मागे सरळ शंकूसारखा जाड होत जातो, त्यामुळे कडक. जोड बहुधा लाकडी स्क्रूचा. कडकपणाचं कारण उघड आहे: २१० ग्रॅमच्या बॉलला पूर्ण साइड लावताना बारीक शाफ्ट थरथरतो आणि बॉल नेमाच्या रेघेपासून बाजूला ढकलला जातो. थ्री-कुशनमध्ये जवळपास प्रत्येक स्ट्रोकला साइड असते, त्यामुळे ही चूक प्रत्येक वेळी मोजावी लागते.

साइड किती लावता येते? बॉलच्या मध्यापासून त्रिज्येच्या साधारण निम्म्यापर्यंत. ६१.५ मि.मी.च्या बॉलवर हे १५ मि.मी. होतात. त्यापलीकडे मिसक्यू. शिकणारे चॉक कमी लावून दोष टिपला देतात. टिप फार सपाट झाली असेल तर तीही घसरते, कडा गोल ठेवायला हवी.

आणि स्ट्रोक. क्यूलमान्सच्या खेळाच्या चित्रफिती बघताना हात बघा. मागे नेणं लहान, पुढे जाणं लांब आणि शांत, बॉलच्या आरपार. बॉल उडवून मारलेला दिसत नाही. खालच्या वेगात फिरकी टिकवायची असेल तर याला पर्याय नाही. क्यू झटक्याने थांबवला की फिरकी कमी भरते, मग तिसऱ्या कुशनवर बॉल शॉर्ट येतो आणि खेळाडू गणिताला दोष देतो.

---

गणिती

अनुपजी, शेवटचं वाक्य शंभर टक्के. आकडे पाठ असलेले पण स्ट्रोक दर वेळी वेगळा असलेले खेळाडू याच ठिकाणी अडतात.

---

मृण्मयी_ग

पोझिशनचा उल्लेख दोघांनी केला. पण तीन कुशन घेऊन जाणारा बॉल, शिवाय दुसरे दोन्ही हलतात. इतकं सगळं खरंच ठरवता येतं?

---

हाफबॉल

पूर्ण नाही. पण तीनपैकी दोन गोष्टी बऱ्याच ठरवता येतात: पहिल्या बॉलचा मार्ग आणि सगळ्याचा वेग.

पहिला बॉल किती जाड घ्यायचा, म्हणजे त्याचा किती भाग झाकून मारायचं, हे तुमच्या हातात असतं. अर्धा बॉल घेतला तर तो एका दिशेने जातो, पाऊण घेतला तर जास्त वेगाने आणि जास्त सरळ. तुमच्या बॉलचा मार्ग मात्र साइड आणि उंची बदलून पुन्हा तोच ठेवता येतो. म्हणजे एकच गुण तीन-चार प्रकारे घेता येतो आणि प्रत्येक प्रकारात पहिला बॉल वेगळीकडे जाऊन थांबतो. क्यूलमान्सची निवड इथे होती. बॉल्कलाइनमध्ये हेच काम दिवसभर करावं लागतं: ४७/२ मध्ये कुशनपासून ४७ सें.मी.वर रेघा, टेबलाचे नऊ चौकोन, एका चौकोनात दोन गुण झाले की दुसऱ्या गुणापर्यंत किमान एक बॉल बाहेर काढायचाच. बाहेर काढायचा, पण लांब जाऊ द्यायचा नाही, कुशनला लागून परत यायला हवा. हा हिशेब अंगवळणी पडलेला माणूस थ्री-कुशनमध्ये पहिला बॉल वाऱ्यावर सोडत नाही.

काय मिळवायचं असतं? दुसरा बॉल कोपऱ्याजवळ. उघड्या टेबलावर बॉलचं लक्ष्य त्याच्या व्यासाच्या दुप्पट रुंद असतं, म्हणजे १२३ मि.मी. (तुमच्या बॉलचा मध्य त्या पट्ट्यात आला की स्पर्श होतो.) पण बॉल कोपऱ्यापाशी, कुशनपासून थोडा सुटा असेल तर सरळ चुकलेला बॉल कुशनवरून परत येऊन लागतो. लक्ष्य दुप्पट, कधी त्याहून मोठं. याला 'बिग बॉल' म्हणतात. ब्रेक वाढतो तो अशा बॉलवर.

उलट काय बिघडतं? किस. पहिला बॉल फिरून तुमच्याच बॉलच्या किंवा दुसऱ्या बॉलच्या मार्गात येतो आणि आदळतो. प्रेक्षक म्हणतात नशीब वाईट. बहुतेक वेळा जाडी चुकलेली असते. मार्ग जिथे एकमेकांना छेदतात तिथे कोण आधी पोचणार हे स्ट्रोकच्या आधी ठरवलेलं हवं, आणि शंका असेल तर जाडी बदलून पहिला बॉल त्या छेदाच्या बराच आधी किंवा बराच नंतर पोचेल असं करायचं.

---

निळा_चॉक

बचावाचंही थोडं. प्रत्येकाचा बॉल वेगळा असल्यामुळे समोरच्याला त्याच्या *स्वतःच्या* बॉलने खेळायचं असतं. कठीण गुणाचा प्रयत्न करताना वेग असा ठेवायचा की चुकलं तर त्याचा बॉल कुशनला टेकलेला आणि बाकीचे दोन दूर राहावेत. कुशनला टेकलेल्या बॉलला खालून मारता येत नाही, क्यू उचलावा लागतो, साइड मर्यादित होते. क्यूलमान्सविरुद्ध खेळणाऱ्यांच्या पाळ्या कोरड्या जायच्या यात या गोष्टीचा मोठा हात होता. तो गुण सोडून केवळ बचाव करत नसे. गुणाचा प्रयत्न आणि बचाव एकाच स्ट्रोकमध्ये असे.

नियमाची एक बारीक गोष्ट: तुमचा बॉल दुसऱ्याला चिकटून थांबला तर चिकटलेले बॉल पुन्हा जागेवर मांडून घेता येतात. लाल असेल तर पलीकडच्या टोकाच्या ठिपक्यावर, खेळणाऱ्याचा स्वतःचा सुरुवातीच्या स्ट्रोकच्या बाजूच्या ठिपक्यावर, समोरच्याचा मध्यभागी. त्यामुळे 'चिकटवून ठेवला' हा बचाव होत नाही. जवळ पण न चिकटलेला, हा होतो.

---

दादरकर_१२फुटी

सर्वांत मोठ्या ब्रेकचा विक्रम त्याचाच आहे ना?

---

गणिती

वाटून होता. क्रम असा: अमेरिकेच्या विली हॉपीने १९१८ मध्ये प्रदर्शनीय सामन्यात २५ केले आणि तो आकडा अर्धशतक टिकला. १९६८ मध्ये सिमोनिस कपमध्ये क्यूलमान्सने २६ केले. १९९३ मध्ये जपानच्या जुनिची कोमोरीने डच लीगमध्ये २८. आणि १९९८ मध्ये त्याच लीगमध्ये क्यूलमान्सने २८ ची बरोबरी केली.

२६ आणि २८ यांत तीस वर्षांचं अंतर आहे आणि दुसरा आकडा साठी गाठल्यानंतरचा. मधल्या काळात टेबलं, कापड, बॉल सगळं सुधारलं, त्याचा फायदा सगळ्यांनाच झाला. पण साठीत सलग २८ वेळा न चुकणं हे कापडाने होत नाही. पुढे २०१२ मध्ये बेल्जियमच्याच रोलां फोर्थोमने २८ ला हात लावला.

---

मृण्मयी_ग

आणि २००१? ६४ व्या वर्षी डोळे, पाठ, सगळंच साथ सोडतं. सामना दोन-अडीच तास वाकून खेळायचा.

---

अनुप_को

वय झालं की या खेळात आधी लांबचा पातळ बॉल जातो. दोन मीटरवरून पाव बॉल घ्यायचा असेल तर नजर एक-दोन मि.मी.चा फरक टिपायला हवी. दुसरं जातं ते ताकदीचे स्ट्रोक, सहा-सात कुशनचे. शिल्लक राहतं मध्यम वेग, निवड आणि बचाव. जो खेळाडू तरुणपणी ताकदीवर उभा असतो त्याच्याकडे साठीत काहीच उरत नाही. क्यूलमान्सचा खेळ पहिल्यापासून मध्यम वेगाचा, बॉल एकत्र ठेवणारा. कठीण लांब बॉल त्याच्या वाट्याला मुळातच कमी यायचे, कारण ते येऊ नयेत अशी आधीची स्ट्रोक खेळलेली असायची. त्या वेळी समोर ब्लोमडाल, नेदरलंड्सचा डिक यास्पर्स (२००० चा जगज्जेता), फ्रेडेरिक कोड्रॉन (१९९९ चा), इटलीचा मार्को झानेत्ती अशी पिढी ऐन भरात होती. दादरकर, 'मैदान रिकामं' हा मुद्दा निदान या किताबाला लागू होत नाही.

---

दादरकर_१२फुटी

नाही लागू होत, मान्य. त्याच पिढ्यांतली आपल्याकडची एक समांतर गोष्ट नोंदवतो. पुण्यात जन्मलेला विल्सन जोन्स १९५८ आणि १९६४ मध्ये हौशी बिलियर्ड्सचा जगज्जेता झाला, मुंबईचा फरेरा १९७७, १९८१ आणि १९८३ मध्ये. इंग्लिश बिलियर्ड्समध्ये कॅननला (आपल्या बॉलने उरलेल्या दोन्ही बॉलना स्पर्श) दोन गुण असतात आणि सलग ७५ कॅननची मर्यादा आहे, मग पॉट (दुसरा बॉल पॉकेटात) किंवा इन-ऑफ (दुसऱ्याला लागून आपला बॉल पॉकेटात) करावा लागतो. बॉल कुशनला धरून शेकडो कॅनन करत बसू नये म्हणून. कॅरमवाल्यांनी त्याच दुखण्यावर रेघा आखून बॉल्कलाइन काढली. रोग एक, औषधं दोन.

आता व्यवहाराचा प्रश्न. आपल्या क्लबात थ्री-कुशनचा सराव करायचा तर कसा?

---

निळा_चॉक

बारा फुटी स्नूकर टेबलावर करू नका. नॅपचं कापड, हलके बॉल, गार स्लेट, आणि पावसाळ्यात मुंबईची हवा. तीन कुशननंतर बॉल मरतो, जोर लावला तर कोन बिघडतात. शिकलेलं सगळं पुढे विसरावं लागेल.

नऊ फुटी पूल टेबल बरं. क्षेत्र २.५४ × १.२७ मी., म्हणजे प्रमाण तेच एकास दोन, डायमंड त्याच जागी. कापड नॅप नसलेलं असतं. बॉल ५७ मि.मी., १७० ग्रॅमच्या आसपास. कोणतेही तीन रंग घ्या, पण झिजलेला क्यू बॉल आणि नवे रंगीत बॉल अशी जोडी नको, वजनात फरक पडतो.

पॉकेट अडथळा आहेत. बॉल पॉकेटात गेला तर पाळी संपली धरा आणि तो बॉल मांडून पुढे चला. कोपऱ्याच्या अर्ध्या डायमंडच्या आतले मार्ग निवडू नका, मधल्या पॉकेटच्या तोंडातून जाणारे तर नाहीच.

---

गणिती

भर घालतो. पहिले काही आठवडे गुण मोजू नका. पहिला बॉल नाही, फक्त क्यू बॉल घेऊन कोपऱ्यातून ५०–३०, ५०–२०, ५०–१० या तीन रेघा मारा, प्रत्येकी दहा वेळा. तिसऱ्या कुशनवर चॉकचा तुकडा ठेवून बॉल कुठे लागला ते लिहून ठेवा. दहांतले आठ अर्ध्या डायमंडच्या आत आले की स्ट्रोक स्थिर झाला. मग सरासरी चूक काढा, तीच त्या टेबलाची दुरुस्ती. पूल टेबलावर ती कॅरम टेबलापेक्षा वेगळी येणार, दोन्हींची वही वेगळी ठेवा.

त्यानंतर ब्रेक, म्हणजे इथे सामन्याचा पहिला स्ट्रोक. लाल खालच्या टोकाच्या ठिपक्यावर, समोरच्याचा बॉल वरच्या ठिपक्यावर, तुमचा त्याच्या बाजूला साधारण १८ सें.मी. अंतरावर. ब्रेकला लाल आधी घ्यावाच लागतो. अर्ध्या बॉलपासून सुरुवात करा, रनिंग साइड, मध्यम वेग. गुण जमू लागला की जाडी थोडी थोडी बदलून लाल कुठे थांबतो ते बघा. तो वरच्या भागात, बाकी दोघांच्या जवळ आणणारी जाडी सापडली की तीच कायम ठेवा.

---

अनुप_को

आणि क्यू पूलचाच वापरा, स्नूकरचा नको. १७० ग्रॅमच्या बॉलला ९.५ च्या टिपने पूर्ण साइड लावत राहिलात तर फेरूलपाशी (टिपखालच्या कड्यापाशी) शाफ्ट कालांतराने चिरतो. टिप मध्यम कडकपणाची घ्या, आणि प्रत्येक स्ट्रोकआधी चॉक.

---

मृण्मयी_ग

तीन रेघांपासून सुरुवात करते. ५०–१० ला बॉल तिसऱ्या कुशनवर ४० ला यायला हवा, बरोबर?

---

गणिती

बरोबर. आणि ३७–३८ ला आला तर आधी साइड तपासा, टेबल नंतर.